दुर्गावहिनींनी घेतलेलं नाव

दुर्गावहिनींनी चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. लग्नात नणंदांनी उखाण्यासाठी उंबऱ्यावर अडवलं, तेव्हा त्या रडायलाच लागल्या. सासू म्हणाली, राहू द्या आता. ते जे राहिलं ते राहिलंच. घरात ‘अहो’, बाहेर ‘मीनाचे बाबा’. बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी, शेजारीण, खणखणीत सांगायची. एकदा गंमत म्हणून दुसऱ्याच कुणाचं सांगितलं, तर आठ दिवस त्यांच्याकडची चटणी मला बंद होती.

वहिनींच्या नवऱ्याचं, मच्छिंद्रभाऊंचं, आष्टीच्या बाजारात दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतात. माणूस इतका गरीब की मी कितीही चिडवलं तरी हसणार. एकदा मात्र हसता हसता म्हणाले, “समदं मिळालं बघ, ज्योत्स्ना. तिच्या तोंडून नाव ऐकायचं तेवढं राह्यलं.” ते मी त्याच दिवशी चार घरी सांगितलं, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या उन्हाळ्यात लेकीने, मीनाने, पुण्याहून वडिलांना नवा मोबाईल पाठवला. भाऊंचे हात कायम तारेवर लावायच्या वार्निशने भरलेले, फोन उचलायचा कसा? मीना म्हणाली, व्हॉइसमेल लावून घ्या. फोन उचलला नाही तर तुमचा आवाज ऐकू जातो आणि समोरचा निरोप ठेवतो. गल्लीत मोबाईलमधली जाणकार मीच. भाऊंनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा “हॅलो, कोण बोलून राह्यलं?” एवढंच ओरडले. शेवटी, आमच्या हिच्याकडून काय ते बोलून घे म्हणाले आणि फोन घरीच ठेवून दुकानात गेले.

वहिनींना मी गंभीर तोंड करून सांगितलं, “ज्याचा फोन त्याचं नाव घ्यावंच लागतं. न्हाई तर हे लागतच न्हाई.” साफ खोटं. त्यांनी दार लावलं, पदर डोक्यावर घेतला, माझ्याकडे पाठ फिरवली आणि म्हणाल्या:

“तांब्याची तार गुंडाळतात दहाही बोटांनी,
मच्छिंद्ररावांचं नाव घेते पहिल्यांदा ओठांनी.”

नावाआधी इतक्या थांबल्या की मला वाटलं, गेलं आता. मग हळूच आलं.

“ह्यांना सांगू नको,” म्हणाल्या. “त्यांचं त्यांना ऐकू दे.”

आता आपल्याच फोनवरचं हे आपल्याला कसं ऐकू येणार? दुसऱ्याच्या फोनवरून लावावं लागतं. त्याच संध्याकाळी माझा फोन भाऊंच्या कानाला लावला असता तर काम झालं असतं. पण मला आधी गिरणीवर सांगायचं होतं. दोघींनाच सांगितलं.

आठवडी बाजारापर्यंत निम्म्या आष्टीने ऐकलं. भाऊंनी चुकून फोन उचलला तर लोक म्हणायचे, उचलता कशाला, ठेवा, पुन्हा लावतो. मी पोट धरून हसले. बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर एकाने फोन स्पीकरवर लावला. समोर वहिनी कांदे निवडत होत्या. टपरीवरच्या माणसांना दुसरी ओळ पाठ झाली होती. ती ते वहिनींच्या आवाजाबरोबरच म्हणाले.

संध्याकाळी पदराखाली भाऊंचा फोन घेऊन वहिनी माझ्या दारात आल्या. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. “पूस ते,” एवढंच म्हणाल्या. मी पुसलं.

त्या घरात गेल्या न गेल्या तोच भाऊ आले. डोकं ओलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, ऐकवतही होते. यांनीच ऐकलं नव्हतं. “चार लोकांत कशाला? अंघोळ करून आलो. लाव बरं तुझ्यावरून. माझा घरी हाय, वाजू दे.”

मी लावला. कंपनीची बाई बोलली, निरोप ठेवा म्हणाली.

भाऊंना कळलं. ओट्यावर बसले आणि म्हणाले, “तू ऐकलंस ना?”

मी उखाणा म्हणून दाखवला.

“शब्द कळले मला बाजारात. कशी म्हणली ते सांग.”

अख्ख्या गल्लीच्या नकला करते मी. वहिनींच्या सासूची केली की खुद्द सासू हसायची. तोंड उघडलं, पण ते नावाआधीचं थांबणं काही मला जमेना. भाऊंनी थोडी वाट पाहिली. मग आतून “अहो, ऐकलं का” अशी हाक आली, तसे उठून गेले.

वहिनी आता बँकेत एकट्याच जातात. नाव विचारलं की पिशवीतून चिठ्ठी काढतात आणि खिडकीतून आत सरकवतात.