कडक शिक्षा

ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. पांढुर्ण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे सर उत्तरेकडून आलेले, मराठी त्यांच्या डोक्यावरून जायची. मी सौंसरहून बसनं जायची. घरी मराठी, पण राज्य हिंदी, म्हणून पेपर हिंदीत.

सहामाहीत त्या जर्मन सम्राटावर प्रश्न आला. पोरवयात गादीवर बसला, मोठेपणी पोपशी भांडला आणि पोपनं वाळीत टाकल्यावर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहून माफी मागितली, तो. मी लिहिलं, ‘पोप ने राजा को कड़ी शिक्षा दी।’ आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत मात्र शिक्षण.

सरांनी ते वाक्य वर्गात तीनदा वाचलं. ‘तो पोपजी ने राजा को क्या पढ़ाया? गणित?’ अख्खा वर्ग खिदळला. ज्यांच्या घरी मराठीच बोलतात, तेही. त्यांचा राग मला जास्त आला. पुढे बसमध्येही मी पोपबाईच झाले.

आई म्हणाली, ‘जाऊ दे वं, मोठ्या मानसाच्या तोंडी लागू नोको.’

‘तोंडी नाही लागून राहिली, वाट पाहून राहिली,’ मी म्हटलं.

सम्राटानंही वाट पाहिली होती. सात वर्षांनी तो फौज घेऊन रोममध्ये शिरला, आपला पोप बसवला, त्याच्या हातून मुकुट घालून घेतला. जुना पोप परक्या गावी मेला. हे पान मला तोंडपाठ होतं. पुढच्या पानावर पोटच्या पोरानं त्याचा मुकुट काढून घेतला होता. ते मी एकदाच वाचलं.

सहा वर्षांनी सरांचा निरोप समारंभ ठरला. तोवर मी सौंसरला शाळेत शिकवत होते. माजी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला मला बोलावलं. मी मुद्दाम मराठीत बोलले.

‘सरांनी मला शिक्षा दिली. कडक शिक्षा दिली. ती मी जन्मभर विसरणार नाही.’

सभागृहात खसखस पिकली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. सर मात्र हात जोडून उभे राहिले. मी जिंकले होते.

व्यासपीठावरून उतरताना त्यांनी सत्काराचा नारळ माझ्या हातात ठेवला आणि मोडक्यातोडक्या मराठीत हळूच म्हणाले, ‘बेटी, आज मला पण शिक्षा मिळाली.’

म्हणजे त्यांना कळलं होतं. सहा वर्षं जपलेला सूड त्यांनी माझ्याच भाषेत, हात जोडून, माझ्याकडून काढून घेतला. तोवर मी त्यांना एका गोष्टीसाठी माफ केलं नव्हतं. आता दोन झाल्या.