पुलापलीकडची हद्द

विजयदुर्गाजवळच्या आपल्या गावात सुगंधा पोलीस पाटील होती. भावाभावांचं भांडण असो की परतायची राहिलेली होडी, लोक आधी तिच्या दाराशी येत. त्या दुपारी मात्र फोन आला मुंबईहून, धाकट्या भावाचा, धनेशचा.

“गो ताय, बाबा सकाळी फिराक गेले ते अजून घराक इलेत नाय!”

बाबांना, गुरुदासांना, वर्षभरापासून विसर पडू लागला होता. मोठ्या डॉक्टरला दाखवायला म्हणून तिनेच त्यांना धनेशकडे धाडलं होतं.

“खंय खंय बघलंस?”

“पोलिसांत कळवलंय. आमच्या वॉर्डातली हॉस्पिटलां बघून झाली.”

“आणि खाडीच्या पुलापलीकडे?”

“थंय दुसरी महापालिका, ताय. जिल्होय दुसरो, पोलीसय दुसरे. बाबा थंय कित्याक जातले?”

“अरे, बाबांका काय ठावक तुमची महापालिका खंय संपता ती? पुलाच्या दोनय बाजूंक घरां तर सारखीच!”

त्याला पुलाकडे पिटाळून ती स्वतः फोनला बसली. मुंबई म्हणजे एकच शहर, असं ती धरून चालली होती. पण तिथे पूल ओलांडला की सगळा कारभारच बदलत होता. पलीकडच्या महापालिकेने प्रभाग कार्यालयाचा नंबर दिला, प्रभागाने पोलीस ठाण्याचा. ठाण्यातला हवालदार म्हणाला, “बाई, ते आमच्या हद्दीत हरवलेले नाहीत. मुंबईतल्या ठाण्यात विचारा.”

सुगंधाने त्याला फोन ठेवू दिला नाही. “साहेब, मीही पोलीस पाटील आहे. हरवले कुठे ते राहू द्या. तुमच्याकडे कुणी सापडलंय का, एवढंच बघा. सत्तरी उलटलेली, डाव्या कानामागे चामखीळ.”

हवालदाराने नोंदवही चाळली. मग, “रिक्षाचा धक्का लागलेल्या एका आजोबांना इथल्या पालिकेच्या दवाखान्यात नेलंय. नाव माहीत नाही.”

“शुद्धीवर आहेत ना?”

“ते तिथेच कळेल.”

धनेशला तिने तिकडे धावायला सांगितलं. अंगणात कुणी तरी हाक मारत होतं. तिला ऐकूच आलं नाही. हातातला फोन वाजला. धनेशचा व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर डोक्याला पट्टी बांधलेले बाबा होते.

“सुगंधा, हंय सगळे माका नाव इचारतत गो. काय सांगू?”

“गुरुदास, बाबा. तुमचां नाव गुरुदास,” ती म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना.