औषधाचा कान

सत्त्याण्णव साली हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत एक कानडी बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. इतकं हळू बोलायच्या, की समोरचा वैतागून फोन ठेवून द्यायचा. काम मात्र भोंग्याचं. गिनीपिगच्या एका कानात अ‍ॅडेनोसिनच्या जातीचं औषध सोडायचं, दुसरा कान तसाच ठेवायचा, मग तासन्‌तास कान बधिर करणारा भोंगा. औषधानं कान वाचतो का, ते बघायचं.

एकदा भोंगा थांबल्यावर त्यांनी औषधाच्या कानाशी चुटकी वाजवली. जनावर दचकलं.

"वाचला की, अक्का!" मी म्हणालो.

"सरी, बरोबर. पण खात्री कान कापून आत बघूनच होते."

त्यांनी मारायची सुई भरली आणि त्याच कानाशी वाकून कुजबुजल्या, "स्वल्पच दुखेल हं, राजा."

त्याला ते नीट ऐकू गेलं असणार.