रामचं अजून कळलं नाही

वह्या तपासताना हल्ली डोळे चुरचुरतात. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या माझ्या दुपारच्या वर्गाला बारा बायका येतात. आज पैशांचे आणि संकटांचे वाक्प्रचार होते, मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय तेच. स्वतःबद्दल वाक्यं लिहा म्हटलं, तरी सगळ्यांच्या वहीत राम असतो. शाळेत व्याकरण शिकलो तेव्हापासून आपलं सगळं रामच करतो. आंबा तोच खातो, गावाला तोच जातो.

टेबलाशी उभ्या असलेल्या शोभाताईंची वही उघडली. नवऱ्याचा कारखाना दिवाळीनंतर बंद पडला, म्हणून त्या नोकरीसाठी इंग्रजी शिकताहेत. त्यांच्या वाक्यांतल्या रामचाही कारखाना बंद पडला होता. राम पोटाला चिमटा काढत होता. महिन्याची तोंडमिळवणी करता करता त्याच्या नाकी नऊ आले होते. शेवटचा वाक्प्रचार काळ्या ढगाच्या रुपेरी कडेचा. त्याच्यापुढची ओळ मात्र कोरी.

"हे राहिलं का हो, शोभाताई?"

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "राहिलं नाही, मॅडम. रामचं अजून काही कळलं नाही. कळलं की लिहिते."

या ओळीचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. रामला दुसरी, चांगली नोकरी लागली. दर वर्गाला मी तेच लिहून देते. आजही खडू उचलला, आणि परत ठेवला. ती ओळ तशीच कोरी ठेवून मी खाली सही केली.