बिनआमसुलाचा रस्सा

दाराआडून ऐकायची खोड अंबूबाईला नव्हती. पण भिंतच कुडाची, मग बापलेकाचं भांडण आपसूकच तिच्या चुलीपाशी आलं. गजा तेव्हा जहाजावरची आचाऱ्याची नोकरी सोडून नुकताच घरी आला होता. हवाई बेटावरच्या रश्शाचं कौतुक बापाला सांगत होता: अळूच्या पानांत गाईचं मांस तीन तास शिजवतात, वर भात, नुसतं लोणी होतं.

"म्हंजे तू गाय शिजवलीस?" बाळारामनं विचारलं.

"बा, नोकरी व्हती ती. मी तोंडात नाय घातली."

"दावणीला कपिली हाय, तिच्याकडं बघून परत सांग. ह्या हाताचं अन्न माज्या ताटात नको. मरस्तवर नको."

अंबूबाईची भाकरी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवशी बाळारामनं अंथरूण उचललं आणि शेतावरच्या खोपीत जाऊन राहिला. नऊ वर्षं झाली. गजा कळंबच्या एका रिसॉर्टवर आचारी झाला, आणि अंबूबाई रोज दुपारी डबा घेऊन खोपीवर. आधी वीस मिनिटं लागायची, आता पाऊण तास.

यंदा पावसात बाळाराम तापानं वाळला. दात गेलेले, भाकरी उतरेना. अंबूबाईच्याही छातीत कळ यायची. वाटेतल्या जांभळाखाली ती टेकायची. कुणाला बोलली नाही, बोलली असती तर डबाच थांबला असता. घोर एकच: आपण गेलो तर ह्या हट्ट्याला घालणार कोण? लेकाच्या हातचं तर खायचा नाही.

"गजा, तुजा तो तिकडचा रस्सा कर," ती म्हणाली. "बोकडाचा. मऊ."

"आये, बा खाईल?"

"माजा म्हणून खाईल. तू गप रं."

अळू म्हणजे आमसूल हवंच, हे तिनं बजावलं. गजा म्हणाला, "तिकडं नाय टाकत. तीन तास शिजवला का घसा धरत नाय."

"मोठा आला तिकडचा!"

बाळारामनं खाल्लं. बुधवारी खाल्लं, रविवारी पुन्हा खाल्लं. अंगावर मूठभर मांस चढलं. विचारलं मात्र काहीच नाही. अंबूबाई देवापुढं दिवा लावताना नजर खाली ठेवू लागली.

मग एका रविवारी रिसॉर्टवरून फोन आला, पाहुणे वाढले. गजानं तासाभरातच टोप उतरवला आणि पळाला. अंबूबाईनं चव पाहिली नाही; धन्याच्या आधी जिभेवर थेंब घ्यायचा नाही, हा सासूनं घालून दिलेला नेम.

दुसऱ्या घासालाच बाळारामचा हात गळ्याशी गेला. डोळ्यांत पाणी आलं. सेहेचाळीस वर्षांत अंबूबाईच्या अळूनं एकदाही घसा धरला नव्हता.

"पानं जून असतील," ती पुटपुटली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पाणी प्यायला. पुन्हा घास. पुन्हा पाणी. तिनं ताट ओढायला हात पुढं केला.

"राहू दे गं. भात वाढ थोडा."

ताट पुसून खाल्लं त्यानं. मग आढ्याला टांगलेली पिशवी काढली आणि विसळलेल्या जेवणाच्या डब्यात मूठभर आमसुलं टाकली.

"घरी ने."

"माज्याकडं हायेत की वो."

"तुला कोण देतंय?"

तो अंबूबाईचा खोपीवरचा शेवटचा फेरा. दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. पण त्या दिवशी तिला काय ठाऊक? जांभळाखाली जरा जास्त वेळ टेकली, एवढंच. गजा घरी आल्यावर आमसुलं त्याच्या हातावर ठेवली.

"बानं दिलीत. टोपात तीन टाकत जा."

गजा तोंड फिरवून उभा राहिला. तिनं त्याला तसंच राहू दिलं, राखेनं डबा घासला आणि रोजच्यासारखा फळीवर पालथा घातला.