खोड्यातली कांताबाई

आमच्या शेजारच्या कांताबाईचं मनगट भाकरी थापताना मोडलं. पडली नाही, घसरली नाही. पिठावर हात मारला आणि कट्कन आवाज आला. मंठ्याला, तालुक्याच्या दवाखान्यात, प्लास्टर घातलं. हाडं ठिसूळ झाली असतील, पण मोजायची मशीन इथं नाही, मोठ्या शहरात जा, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी हात झटकले. नवरा पुंजाराम म्हणाला, "वय झालं. कापूस निघू दे, मंग बघू." तिची जाऊ साळूबाई पोळ्यापासून खाटेवरच होती. मोरीत बसताना तिचा खुबा मोडला होता, आणि तेव्हाही कापूस निघायचाच होता. कांताबाईला घरात दुसरी खाट नको होती.

त्यातच म्हैस व्याली आणि बसली. काही केल्या उठेना. पुंजाराम धावत सुटला आणि जनावरांच्या डॉक्टरला मोटारसायकलवर घालून घेऊन आला. शिरेतून कॅल्शियम गेलं, आणि डॉक्टरचा चहा होईपर्यंत म्हैस उभी!

कांताबाई हे बघत होती. सकाळी ती थेट जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि सुई देताना गुरं अडकवतात त्या लोखंडी खोड्यात जाऊन उभी राहिली.

"काकू, मला माणसाचा इलाज करता येत न्हाई," डॉक्टर म्हणाला.

"मंग म्हैस लिहा. बाळंतपणं झालीत, हाड मोडलंय. अजून काय पाहिजे?"

"म्हशीच्या कानात बिल्ला असतो," तो हसून म्हणाला. इथंच चुकला बिचारा.

दुसऱ्या दिवशी कांताबाई कानातल्या कुडीला पिवळा बिल्ला लटकवून आली. मागून गावातल्या कमरेत वाकलेल्या बायका आल्या. एक खोड्यात, बाकीच्या रांगेत. बाहेर गाई ताटकळल्या.

आता मात्र गाव खवळलं. बायकांच्या हाडांसाठी कधी कुणी तोंड उघडलं नव्हतं. पण जनावरांचे हाल होतात म्हटल्यावर तक्रारीवर पटापट सह्या पडल्या, पहिली पुंजारामची. मला अजून संताप येतो, आणि मेलं हसूही येतं. जालन्याहून साहेब आले ते खोडा मोकळा करायला; त्यासाठी हाडं तपासायची मशीन गाडीत घालून आले. गुरांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकांनी एकेक करून टाच मशीनमध्ये ठेवली. बहुतेकींची हाडं कच्ची निघाली. कांताबाईला गोळ्या सुरू झाल्या, साहेबांचे फोटो निघाले, गाई आत गेल्या.

कांताबाईनं घरी येऊन हे सगळं हौसेनं साळूबाईला सांगितलं. साळूबाईनं विचारलं, "मंग मी बी म्हशीवानी उठन का गं?"

सकाळी डॉक्टर दवाखाना उघडायला आला, तर कांताबाई पुन्हा खोड्यात, कानात बिल्ला.

"काकू, मशीन आली, गोळ्या मिळाल्या. आता काय राह्यलं?"

"घरी एक अजून बसलेलीच हाय. म्हशीसाठी पळत आल्ते ना? चला."