सासूबाईंची मूठ

श्रीवर्धनला आमच्या सासरच्या स्वयंपाकघरात माप म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे सासूबाईंचा उजवा हात. त्यामुळे फडताळात मापटी कमी आणि घरात किस्से जास्त साठले.

लग्न होऊन आले तेव्हा मी इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेली. पहिल्याच आठवड्यात वही काढून विचारलं, "भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं?"

"पीठ मागेल तितकं."

मी तांब्या घेऊन परातीपुढे बसले. बऱ्याच वेळाने सासूबाई डोकावल्या. "काय गो, थांबलीस का?"

"अजून मागितलं नाही."

*

मग मी औषधाची रिकामी बाटली विसळून घेतली. तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी होती. भातात मोजून पाच डोस पाणी घातलं.

"भाताला काय झालंय? ताप आलाय?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिला घास चावत म्हणाले, "ताप नसावा. कणकण मात्र लागतेय."

*

एकदा सासूबाई आमटीत मीठ टाकणार, तोच मी त्यांच्या हाताखाली वाटी धरली. तीन दिवस मोजलं, तिन्ही दिवशी मीठ निराळं. आमटीची चव मात्र तीच.

"असं कसं?"

"रोजची डाळ तरी एक असते का गो?"

वहीत लिहिलं: मीठ, सासूबाईंची चिमूट.

*

गणपतीच्या आदल्या दिवशी सासूबाई घरामागच्या नारळीच्या आगरात शेवाळावरून घसरल्या. हाडवैद्याने उजव्या हाताला कामट्या बांधल्या. उद्या एकवीस मोदकांचा नैवेद्य, आणि नैवेद्याचं चाखून पाहायचं नाही. मीठ चुकलं तर ते थेट देवाच्या तोंडी!

सकाळी त्या म्हणाल्या, "वाच तुझी वही."

"पीठ, सहा मुठी."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"मीठ?"

"तुमची चिमूट."

बांधलेल्या हाताकडे पाहत त्या म्हणाल्या, "एवढी शिकलीस, आणि सगळं माझ्याच हातात ठेवलंस."

मग डाव्या हाताने माझं मनगट धरून त्यांनी माझी बोटं मिठात बुडवली. "जास्त झालं. सोड. अजून सोड. हां, टाक."

दुपारी मामंजींनी मोदक फोडला, वर तूप ओतलं, घास घेतला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"हात लवकर बरा झाला की तुझा."

सासूबाईंनी बांधलेला हात पदराखाली घेतला. "वाढ गो त्यांना," त्या मला म्हणाल्या.

"किती वाढू?"

"मागतील तितके."